सरहद्द कोलशेतला कशी पोहोचली?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरच्या विमानतळावर उतरविण्यात आले. प्रवासात त्यांच्या हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या होत्या. त्यांत हरियाणा, गुजरात व पंजाब येथील लोक बहुसंख्य होते. तिघे महाराष्ट्रातले होते. देशभर संताप उसळला, संसदेत गदारोळ झाला, आणि तो रास्तच होता.

त्याच आठवड्याच्या रविवारी कोलशेत येथील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा होती. गणपूर्ती होईपर्यंत चर्चा चालली होती ती याच विमानाची. बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद तळमळून म्हणाले, "अहो, चोर-दरोडेखोर होते का ते? पोटासाठीच गेले होते ना?" सर्वांनी माना डोलावल्या. मग गणपूर्ती झाली आणि अध्यक्षांनी विषयपत्रिकेवरील एकमेव विषय मांडला. बंगाली बोलणाऱ्या घरकामगारांना व मजुरांना संस्थेच्या आवारात प्रवेश देऊ नये, आणि जे आधीपासून कामावर असतील त्यांना महिनाअखेर कमी करावे, असा तो ठराव होता. तो मंजूर व्हायला वीस मिनिटेही लागली नाहीत. बेड्यांनी व्यथित झालेले सर्व हात ठरावाच्या बाजूने वर गेले.

मी विरोधात बोललो. त्यावर एका तरुण सभासदाने अत्यंत आदराने विचारले, "सर, उद्या काही झालं तर तुम्ही हमी घेणार का?" मला उत्तर सुचले नाही. मतदानाच्या वेळी मी ठरावाच्या बाजूने हात वर केला नाही, पण विरोधातही केला नाही. सभावृत्तात मी 'तटस्थ' आहे. पुढे जे लिहीत आहे ते वाचताना वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

ठरावाला निमित्त होते. १९ जानेवारी २०२५ रोजी, मुंबईत एका चित्रपट अभिनेत्यावर त्याच्या घरात झालेल्या चाकूहल्ल्याच्या प्रकरणी, पोलिसांनी आमच्यापासून काही किलोमीटरवर, घोडबंदर रस्त्यालगतच्या मजूर-छावणीच्या परिसरातून एका संशयिताला अटक केली. तो बांगलादेशातून आलेला असल्याचे पोलिसांनी सांगितले. तेव्हापासून घोडबंदर पट्ट्यातील प्रत्येक पत्र्याची छावणी लोकांच्या नजरेत संशयाची जागा ठरली. एका माणसावरील आरोप हजारो माणसांच्या नावे जमा झाला. लोकमत बनते ते पुष्कळदा असे, आणि म्हणून ते कशाचे बनलेले आहे हे तपासणे आवश्यक आहे.

सहा वर्षे आमच्या घरी पोळ्या करणाऱ्या बाई पश्चिम बंगालमधील नदिया जिल्ह्यातल्या. त्यांनी कार्यकारिणीपुढे मतदार ओळखपत्र ठेवले, आधार कार्ड ठेवले, नवऱ्याच्या नावावरील शेताचा कागद ठेवला. उत्तर मिळाले की असे कागद आजकाल विकत मिळतात. म्हणजे कागद नसेल तर माणूस परदेशी, आणि असेल तर बनावट कागदाचा परदेशी! अशा न्यायाने आमच्यापैकी किती सभासद भारतीय ठरतील याचा मी हिशेब मांडून पाहिला; माझा स्वतःचा जन्मदाखलाही मी निवृत्तीच्या सुमारास प्रतिज्ञापत्रावर करून घेतलेला आहे. विशेष म्हणजे सातव्या मजल्यावर राहणारे एक बंगाली अधिकारी ठरावाच्या बाजूने होते आणि तो त्यांना लागू होईल असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. ठरावात शब्द 'बंगाली' असा असला तरी त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक होता: बंगाली बोलणारा, मुसलमान आणि गरीब. या तिन्हींतली एक गोष्ट वजा केली तरी संशय उरत नाही.

पाश्चात्त्य देशांत ज्याला वंशभेद म्हणतात तो आपल्याकडे नाही, असे आपण मोठ्या समाधानाने सांगत आलो. मे १९६४ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांना अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरी, केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात प्रवेश नाकारून पोलिसांनी ताब्यात घेतले, तेव्हा आपण सारे संतापलो होतो. तिथे दारावरच्या माणसाने लोहियांची कातडी पाहिली. आमच्या दारावरचा रखवालदार बाईंचे उच्चार ऐकतो. तोही बिचारा परप्रांतीयच, जौनपूरकडचा.

आता आकडे पाहू. स्थलांतराविषयीच्या लोकमतात आकड्यांना फार मान असतो, मात्र ते कोठून आले हे विचारण्याची पद्धत नाही. १४ जुलै २००४ रोजी केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले की ३१ डिसेंबर २००१ रोजी देशात एक कोटी वीस लाखांवर बेकायदा बांगलादेशी होते. आकडा शेवटच्या दहापर्यंत नेमका होता. जे लोक लपून आले त्यांची इतकी काटेकोर मोजणी कशी झाली, हा प्रश्न उपस्थित होताच मंत्रिमहोदयांना आपले विधान सावरून घ्यावे लागले. नोव्हेंबर २०१६ मध्ये दुसऱ्या सरकारच्या गृहराज्यमंत्र्यांनी हाच आकडा दोन कोटींच्या घरात असल्याचे सांगितले. याउलट जनगणनेत 'पूर्वीचे वास्तव्य बांगलादेशात' असे सांगणारे लोक २००१ मध्ये सुमारे तीस लाख होते आणि २०११ मध्ये ते सुमारे तेवीस लाखांवर आले. यात फाळणीनंतर आणि १९७१ पूर्वी आलेल्या वृद्धांचाही समावेश आहे. जनगणनेत प्रत्येक जण खरे सांगत नाही हे मान्य. म्हणून खरा आकडा यापेक्षा मोठा असणार, हेही मान्य. पण तो किती मोठा, हे त्या मंत्र्यांनाही ठाऊक नव्हते. त्यानंतरची २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. सोळा वर्षे ज्या देशाने आपली माणसे मोजली नाहीत, त्या देशातल्या शहरांत 'लोंढे' किती आले याविषयी मात्र सर्वांना खात्री आहे.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर २०११ च्या जनगणनेत राज्यातील स्थलांतरितांची संख्या सुमारे ५.७ कोटी होती. हा आकडा ऐकून दचकू नये, कारण त्यांतील बहुसंख्य लोक राज्यातल्या राज्यात हललेले आहेत, आणि त्यांतही फार मोठा भाग लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार मुरबाडहून कल्याणला आलेली सून ही स्थलांतरित असते. इतर राज्यांतून आलेले सुमारे नव्वद लाख. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८१ लाख होती, ती २०११ मध्ये १ कोटी १० लाखांवर गेली, आणि त्या जनगणनेत ठाणे हा देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. इतकी माणसे दहा वर्षांत येतात तेव्हा पाणी, लोकल, शाळा, दवाखाने यांच्यावर असह्य ताण पडतो. दिव्याला किंवा कळव्याला सकाळी गाडीत चढणाऱ्या माणसाला गर्दीचे समाजशास्त्र सांगू नये. त्याचा त्रागा खरा आहे. प्रश्न एवढाच की त्या त्राग्याला पत्ता कोणाचा दिला जातो.

हा पत्ता वेळोवेळी बदलत आला आहे. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली तेव्हा तो दाक्षिणात्य कारकुनांचा होता, आणि 'लुंगी' या शब्दाचा रोख मद्रासकडे होता. आज तीच लुंगी मुर्शिदाबादच्या गवंड्याच्या कमरेला आहे. १९६७ मध्ये ठाण्याच्या नगरपालिकेनेच शिवसेनेला पहिले निवडणुकीतले यश दिले. आणि आपल्या वाचकांना आवडो न आवडो, १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत त्या सेनेशी युती केली ती प्रजा समाजवादी पक्षाने. कम्युनिस्टांना रोखायचे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून जागा झालेला मराठी मध्यमवर्ग हातचा जाऊ द्यायचा नाही, असे हिशेब तेव्हा मांडले गेले. त्या हिशेबात कोणाचा लाभ झाला हे सांगायला नको. त्या नेत्यांची निष्ठा संशयातीत होती. चूक समजुतीची होती. मराठी तरुणाच्या बेकारीचा प्रश्न खरा आहे, म्हणून त्याला दाखविलेला शत्रूही खरा असेल, असे आपल्या लोकांनी धरून चालले. मायरन वायनर यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात भूमिपुत्रांच्या चळवळींचा तुलनात्मक अभ्यास केला. अशा चळवळी उभ्या राहतात त्या सुशिक्षित स्थानिक मध्यमवर्गाला नोकऱ्यांत बाहेरच्यांची स्पर्धा भासू लागते तेव्हा, असे त्यातून दिसते. कारकुनाच्या जागेसाठी दाक्षिणात्याशी स्पर्धा होती, एवढे तरी १९६६ साली म्हणता येत होते. आज आमच्या सभेतल्या कोणाचा मुलगा फरशा बसवण्याच्या कामासाठी बंगाली मजुराशी स्पर्धा करीत आहे?

भाषेवरून माणसाचा देश ओळखण्याची ही पद्धत मराठी माणसाने तरी वापरू नये. बेळगाव, निपाणी, कारवार येथील मराठी माणसासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो की राज्याची रेषा आणि भाषेची रेषा एक नसते. बंगालमध्ये हीच गोष्ट देशाच्या रेषेबाबत घडली आहे. १९४७ ची रेषा नदियाच्या मधून गेली. अलीकडची आणि पलीकडची बोली एकच राहिली. ४,०९६ किलोमीटरच्या त्या सरहद्दीवर शेतकऱ्याचे उच्चार ऐकून त्याचा देश सांगणे भाषाशास्त्रज्ञालाही कठीण जावे. ते ठाण्याच्या चौकीत पाच मिनिटांत कसे ठरते? आणि बंगाली बोलणारे लोक महाराष्ट्राचे असूच शकत नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी गडचिरोलीला जाऊन यावे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९६० च्या दशकात शासनानेच तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात जमिनी देऊन वसविले. त्यांची नातवंडे आज महाराष्ट्राची मतदार आहेत. त्यांपैकी कोणी कामासाठी कोलशेतला आला, तर आमचा रखवालदार त्याला फाटकावरच थांबवील.

मराठी माणूस स्वतः किती हिंडला आहे, याचाही आपल्याला विसर पडतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातले गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात गेले आहेत, कोलकात्यातही आहेत. दुष्काळाने त्यांना बाहेर काढले. मुंबईच्या गिरण्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांनी चालविल्या. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील सुमारे ८४ टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले होते. १९७२ साली युगांडातून इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकलले, तेव्हा त्याच्याही पाठीशी लोकमत होते. 'आमचा व्यापार यांनी बळकावला' ही तिथल्या आफ्रिकी माणसाची तक्रार काही अंशी खरी होती. हाकलण्याने ती दूर झाली नाही. युगांडाची अर्थव्यवस्था तेवढी कोसळली.

देशाला आपली सरहद्द राखण्याचा अधिकार आहे, हे समाजवाद्यांनी नाकारू नये. बनावट कागदपत्रे करून देणाऱ्या टोळ्या आहेत, सरहद्द ओलांडून देणारे दलाल आहेत, आणि त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. २०२० मध्ये बांगलादेशाचे दरडोई उत्पन्न भारतापेक्षा किंचित पुढे जाईल असा अंदाज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने वर्तविला, त्या वेळी आता तिकडून कोणी येणार नाही असे काही विद्वानांनी लिहिले. सरासरीने कोणाचे पोट भरत नाही. नदीने जमीन कापून नेलेला शेतमजूर सरासरी पाहून थांबत नाही, तो कामाकडे जातो. बेकायदा आलेल्याला परत पाठविण्यासही कायद्याचा मार्ग आहे. आक्षेप आहे तो त्या मार्गाच्या आखूडपणाला. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यानुसार आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार संशयितावरच होता. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने तो तसाच ठेवला आहे. इतका भार ज्याच्या डोक्यावर टाकायचा त्याला निदान वेळ, वकील आणि आपल्या गावाशी संपर्क हे तरी मिळाले पाहिजेत.

ते मिळत नाही. जून २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मीरा रोड भागातून मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला उचलण्यात आले. त्याच्या कुटुंबीयांनी आणि पश्चिम बंगालच्या यंत्रणांनी कागदपत्रे पाठविली. ती पोहोचूनही त्याला ईशान्येकडे नेऊन १४ जूनच्या पहाटे सीमेपलीकडे ढकलण्यात आले. काही दिवसांतच त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी काही जणांना परत आणावे लागले, कारण ते भारतीयच होते. त्याच महिन्यात दिल्लीतून वीरभूम जिल्ह्यातील एका गरोदर स्त्रीला असेच पलीकडे पाठविण्यात आले. न्यायालयांत भांडून ती डिसेंबरमध्ये स्वदेशी परतली. हे नवीनही नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस 'बांगलादेशी' म्हणून काही जरीकामगारांना कुर्ला-हावडा गाडीने सरहद्दीकडे नेत होते, तेव्हा उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले. सत्तावीस वर्षांत एवढीच सुधारणा झाली, की आता विमान वापरले जाते आणि वाटेत स्थानक लागत नाही.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे मजुरीकडे येतो. तीस-बत्तीस वर्षे मी वर्गात शिकविले, की मजुरीचा दर श्रमाचा पुरवठा, मागणी आणि उत्पादकता यांवर ठरतो. कोलशेतला राहू लागल्यापासून मला त्यात एक घटक जोडावासा वाटतो, तो म्हणजे भीती.

कोलशेत हे मूळचे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. भातशेती, मासेमारी, पुढे रेतीबंदर. मग रसायनांचे मोठे कारखाने आले. सँडोजचा, जो पुढे क्लॅरियंट झाला, आणि बायरचा. जमिनी गेल्या, खाडी नासली, पण त्या बदल्यात काही घरांत कायमची नोकरी आली, भविष्यनिर्वाह निधी आला, युनियनचे सभासदत्व आले. नंतर कारखाने गेले आणि त्यांच्या जमिनींवर गृहसंकुले उभी राहिली. आमची इमारतही त्याच लाटेतली. वागळे इस्टेटचे बरेचसे तेच झाले, रेमंडचे तेच झाले. ठाण्याच्या मराठी कामगाराची नोकरी गेली ती जमिनीची किंमत कारखान्याच्या नफ्यापेक्षा अधिक झाली म्हणून. ती नोकरी कोणी बिहारी किंवा बंगाली मजुराने घेतलेली नाही. ती आता अस्तित्वातच नाही.

नव्या बांधकामावर काम आहे, पण ते कसले? विकासकाखाली मुख्य कंत्राटदार, त्याच्याखाली उपकंत्राटदार, त्याच्याखाली मुकादम आणि सर्वांत तळाशी मजूर. गावाहून निघताना घेतलेली उचल फिटेपर्यंत तो हलू शकत नाही. राहणे पत्र्याच्या छावणीत, कामाच्या जागेलाच लागून. म्हणजे बारा तास काम करून घ्यायला कोणाला बोलवायलाही जावे लागत नाही. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो आणि तो मजुरांच्या कल्याणासाठी असतो. त्याचा लाभ मिळवायचा तर मजुराने वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला घेऊन नोंदणी करायची. ज्याला रस्त्यावर कोणी 'कुठला रे तू' म्हणून विचारले तरी घाम फुटतो, तो शासकीय कचेरीत अर्ज घेऊन जाईल काय? इमारतीवर उपकर वसूल होतो, इमारत बांधणारा यादीत नसतो.

ठरावानंतर महिन्याभराने ढोकाळीजवळ एका फरशीकामगाराशी माझे बोलणे झाले. मालदा जिल्ह्यातला. त्याने सांगितले की जानेवारीपासून मुकादम 'कागदपत्रांचा खर्च' म्हणून रोजातून पन्नास रुपये कापून घेतो, आणि आधार कार्ड 'सुरक्षित राहावे' म्हणून स्वतःजवळ ठेवतो. तक्रार का करीत नाही, असे मी विचारले. तो माझ्याकडे बघत राहिला; प्रश्न किती मूर्खपणाचा आहे हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मार्क्सने ज्याला बेकारांची राखीव फौज म्हटले, ती मजुरी खाली दाबते हे आपण वाचलेले आहे. येथे बेकारीचीही गरज उरली नाही. काम करणाऱ्या माणसाला कोणत्याही क्षणी परदेशी ठरविता येते, एवढे पुरे. आमच्या संस्थेने ठराव केला त्या दिवशी त्या मुकादमाच्या हाती आणखी एक दोरी आम्ही दिली.

आणि याचा फटका त्या बंगाली मजुरापुरता राहत नाही, हे भूमिपुत्रांची कैवारी म्हणविणाऱ्या पक्षांना दिसत नाही किंवा पाहायचे नाही. 'आगरी पोराला हे काम नको असते,' असे बिल्डर सांगतो. त्याला काम नको नसते. त्या रोजावर, त्या छावणीत, बारा तासांचे काम त्याला नको असते, आणि ते नाकारण्याइतके घर त्याला अजून आहे. मालद्याच्या मजुराला नियमाप्रमाणे रोज, हजेरीपट आणि सुटी मिळू लागली, तर त्या कामावर कोलशेतचा तरुणही उभा राहील. ज्याच्याजवळ नाही म्हणण्याची ताकद नाही असा मजूर बाजारात असेपर्यंत नाही म्हणू शकणाऱ्याला कोणी विचारणार नाही. स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्या हे शासनाचे धोरण कित्येक दशके कागदावर आहे, आणि ते कागदावर राहण्याचे हेच मोठे कारण आहे.

भूमिपुत्राने नेमके कोणाशी भांडावे याचा धडा याच खाडीपट्ट्यात मिळालेला आहे. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी जमिनी घेणाऱ्या शासनाविरुद्ध उरण-पनवेलचे आगरी-कोळी शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात रस्त्यावर उतरले. पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व त्यातून आले. तो लढा जमीन घेणाऱ्याशी होता. मातीच्या पाट्या उचलणाऱ्या परप्रांतीय मजुराच्या कानशिलात मारून ती जमीन मिळाली नसती. याच्या उलट उदाहरण १९ ऑक्टोबर २००८ चे. रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना त्या दिवशी मुंबई-ठाणे परिसरात मारहाण झाली आणि पुढे कल्याणमध्ये दोन दिवस तणाव राहिला. भरतीच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत येत नाहीत, ही त्यामागील तक्रार मात्र अगदी योग्य होती. नंतर प्रादेशिक भाषांतून परीक्षा देण्याची सोय झाली. ती नियम बदलून झाली. मार खाल्लेल्या मुलांच्या हाती नियम करण्याचा अधिकार कधीच नव्हता.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील आपल्या कार्यकर्त्यांकडून म्हणून दोन गोष्टींची अपेक्षा आहे. बंगाली मजुरांच्या बाजूने सभा घेऊन भाषणे करण्याने काही होणार नाही. टाळ्या आपलेच लोक वाजवतील. नाक्यांवर आणि छावण्यांत जाऊन बांधकाम कामगारांची नोंदणी करून घ्यावी, मराठवाड्यातल्या, झारखंडातल्या, मालद्यातल्या सर्वांची एकत्र; हजेरीपट आणि वेतनचिठ्ठी दाखविण्याची मागणी मुख्य कंत्राटदाराकडे करावी, मुकादमाकडे नव्हे. आणि कोणाला संशयावरून नेले तर त्याच्या गावचे पंचायत कार्यालय व पोलीस ठाणे यांच्याशी त्याच रात्री संपर्क साधणारा एक तरी वकील आणि एक तरी बंगाली जाणणारा माणूस तयार ठेवावा. २०२५ च्या जूनमध्ये काही तास मिळाले असते तरी मीरा रोडचा तो गवंडी सरहद्द पाहता ना.

बाई फेब्रुवारीअखेर गेल्या. हिशेब करताना त्यांनी तीन दिवसांचे खाडे स्वतःहून सांगितले आणि तेवढे पैसे परत ठेवले. आता एका एजन्सीमार्फत दुसऱ्या बाई येतात. त्यांचा पगार आम्ही एजन्सीला देतो. त्यांच्या हाती किती पडतो, हे विचारल्यावर त्या नुसत्या हसतात. ठराव अजूनही तळमजल्यावरच्या सूचनाफलकावर लावलेला आहे. तो रद्द करावा अशी सूचना पुढच्या वार्षिक सभेसाठी मी लेखी दिली आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही.